रेणूंचे दार सर्वांना खुले

हिमोग्लोबिन, इन्शुलिन, डीएनए ही नावे आता घराघरांत पोहोचली आहेत. पण हे रेणू असतात कसे आणि आपले काम करतात कसे, हे घरच्या संगणकावर किंवा मोबाइलवर एक पैसाही न देता पाहता येते, हे किती जणांना ठाऊक आहे?

रक्ततपासणीचा कागद हातात पडला की घरातल्या प्रत्येकाची नजर आधी हिमोग्लोबिनच्या आकड्यावर जाते. आकडा कमी असला तर आजी गूळ-शेंगदाणे खायला सांगते, आई पालेभाजी वाढवते आणि डॉक्टर लोहाच्या गोळ्या लिहून देतात. पण ज्याच्यासाठी ही सगळी धावपळ चालते ते हिमोग्लोबिन असते तरी कसे? दहावी-बारावीच्या मुलाने असे विचारले, तर पुस्तकात एका ओळीचे उत्तर सापडते : प्राणवायू वाहून नेणारे लोहयुक्त प्रथिन. मुलगा ती ओळ पाठ करतो, दोन गुण मिळवतो आणि परीक्षा संपताच विसरून जातो.

वास्तविक हिमोग्लोबिन हे अतिशय देखणे असे एक यंत्र आहे. चार साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या, प्रत्येक साखळीच्या खोबणीत लोहाचा एक अणू आणि त्या अणूला धरून बसणारा प्राणवायूचा एक रेणू. एक रेणू बसला की इतर साखळ्या किंचित सरकतात आणि पुढच्याला जागा करून देतात. एका तांबड्या रक्तपेशीत अशी सुमारे २७ कोटी यंत्रे अहोरात्र राबत असतात. सजीवांच्या शरीरातल्या अशा यंत्रांचा भौतिकशास्त्राच्या नियमांनी आणि साधनांनी अभ्यास करणारे शास्त्र म्हणजे जीवभौतिकी. नाव भारदस्त असले, तरी त्याचे मर्म सोपे आहे. रेणूचा आकार कळला की त्याचे काम कळते आणि आकार बिघडला की काम का बिघडते, तेही कळते.

सातापासून दोन लाखांपर्यंत

हा आकार शोधून काढणे मात्र मुळीच सोपे नव्हते. प्रथिनाचा रेणू प्रकाशाच्या तरंगलांबीहून कितीतरी लहान असतो, त्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसत नाही. म्हणून शास्त्रज्ञ प्रथिनाचे स्फटिक तयार करतात, त्यांतून क्ष-किरण सोडतात आणि उमटलेल्या ठिपक्यांच्या नक्षीवरून गणिताने अणूंच्या जागा ठरवतात. केंब्रिजमध्ये मॅक्स पेरुट्झ यांनी १९३७ साली हिमोग्लोबिनवर काम सुरू केले. त्याची पहिली ढोबळ आकृती हाती यायला १९५९ साल उजाडले. एका रेणूसाठी तब्बल बावीस वर्षे! १९६२ साली त्यांना आणि त्यांचे सहकारी जॉन केंड्रू यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. डोरोथी हॉजकिन यांनी इन्शुलिनचा पहिला क्ष-किरण फोटो १९३५ च्या सुमारास घेतला होता, त्याची पूर्ण रचना त्यांनी १९६९ साली मांडली.

इतक्या कष्टाने मिळालेले हे धन कुलूपबंद ठेवायचे की वाटायचे? १९७१ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत ‘प्रोटीन डेटा बँक’ सुरू झाली, ती वाटण्यासाठी. सुरुवातीला या पेढीत फक्त सात रचना होत्या आणि त्यांच्या प्रती चुंबकीय फितींवर उतरवून टपालाने पाठवाव्या लागत. आज अमेरिका, युरोप आणि जपान येथील संस्था मिळून ती चालवतात. २०२३ साली तिच्यातील रचनांची संख्या दोन लाखांच्या पुढे गेली. या पेढीत खाते उघडावे लागत नाही, वर्गणी भरावी लागत नाही आणि तुम्ही कोण, असेही कोणी विचारत नाही. २०२० च्या फेब्रुवारीत नव्या करोना विषाणूच्या प्रथिनांच्या रचना याच पेढीतून साऱ्या जगाला खुल्या झाल्या आणि लस व औषध शोधणाऱ्यांनी त्यांचा लगेच उपयोग केला.

पेढीतील प्रत्येक रचनेला चार अक्षरांचा एक संकेतांक असतो. प्राणवायू सोडून दिलेल्या हिमोग्लोबिनचा एक प्रसिद्ध संकेतांक आहे ‘४एचएचबी’. तो इंग्रजी अक्षरांत टाइप केला की पेरुट्झ यांना ज्याच्यासाठी बावीस वर्षे घालवावी लागली, तो रेणू काही सेकंदांत तुमच्यासमोर येतो. बोटाने फिरवा, मोठा करा, आतला लोहाचा अणू शोधा.

एका मण्याची चूक

आता कोणी म्हणेल, रेणू पाहिला, मौज वाटली, पण त्याचा संसाराला उपयोग काय? याचे उत्तर सिकलसेल या आजारात आहे.

विदर्भात, नंदुरबार आणि गडचिरोली जिल्ह्यांत तसेच मध्य प्रदेश, छत्तीसगड, ओडिशा, गुजरात येथील अनेक आदिवासी भागांत हा रक्ताचा आजार आढळतो. मूल वारंवार आजारी पडते, हातपाय असह्य दुखतात, अंगात रक्त राहत नाही. अशा वेळी घरात काय होते? कोणी बाहेरची बाधा म्हणतो, कोणी मागच्या जन्मीचे पाप काढतो आणि बहुतेक वेळा दोष येतो सुनेच्या माथी. ‘आमच्या घराण्यात असले काही नव्हते’ हे वाक्य तिला ऐकावे लागते.

रेणू काय सांगतो ते पाहा. प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या मण्यांतून ओवलेली माळ. या मण्यांना अमिनो आम्ले म्हणतात. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत असे १४६ मणी असतात. त्यांतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन नावाचा मणी आला की सिकलसेलचे हिमोग्लोबिन तयार होते. हा आजार रेणूतील बिघाडाचा आहे, हे लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखवले आणि नेमका मणी कोणता, हे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५७ सालापर्यंत शोधून काढले.

पेढीत ‘२एचबीएस’ हा संकेतांक टाकला तर हा घोटाळा दिसतो. ग्लुटामिक आम्लाला पाण्याची आवड, तर व्हॅलिन पाण्यापासून दूर पळणारा. प्राणवायू सोडून दिल्यावर एका रेणूवरचा हा व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या खाचेत जाऊन बसतो. त्या शेजाऱ्याला तिसरा चिकटतो, तिसऱ्याला चौथा. अशा लांबच लांब दोऱ्या तयार होतात. गोल, लवचिक रक्तपेशी ताठरते, विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसते. मुलाच्या हातापायांत उठणारी कळ इथून येते.

ही चूक आई आणि वडील दोघांकडूनही आली, तरच मुलाला सिकलसेलचा हा रोग होतो. एकाकडूनच आली तर मूल केवळ वाहक असते आणि वाहक व्यक्ती सहसा निरोगी आयुष्य जगते. पती-पत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारांत एक असते. दोघांपैकी एकच वाहक असेल आणि दुसऱ्याच्या हिमोग्लोबिनमध्ये काही दोष नसेल, तर हा रोग मुलाला होत नाही. म्हणजे एकट्या सुनेला दोष देण्याला शास्त्रात जागा नाही. जागा आहे ती लग्नाआधी किंवा निदान गरोदरपणात दोघांनीही रक्त तपासून घेण्याला. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. ज्या कुटुंबाने तो सहावा मणी डोळ्यांनी पाहिला आहे, ते कुटुंब या तपासणीला घाबरणार नाही, असे वाटते.

त्यात आपलेही नाव

या पेढीशी आपला जुना ऋणानुबंध आहे. मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन यांनी गोपीनाथ कर्ता यांच्यासह १९५४-५५ साली कोलॅजेन या प्रथिनाची तिपेडी रचना मांडली. आपली त्वचा, हाडे, स्नायूबंध यांना बळकटी देणारे हे प्रथिन तीन पेडांच्या वेणीसारखे असते. पुढे १९६३ साली रामचंद्रन, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांनी प्रथिनाची साखळी कोणत्या कोनांत वळू शकते आणि कोणत्या कोनांत अणू एकमेकांवर आदळतील, याचा एक आलेख तयार केला. जगभर तो ‘रामचंद्रन आलेख’ म्हणून ओळखला जातो. नवी प्रथिनरचना पेढीत आली की ती बिनचूक आहे का, हे पाहताना या आलेखाची कसोटी आजही लावली जाते. मुलांना हे अवश्य दाखवावे.

सुरुवात कोठून करावी?

एकदम पेढीत शिरलात तर आकडे आणि संज्ञा पाहून भोवळ येईल. त्यासाठी पुढील पायऱ्या सोयीच्या ठरतील.

पहिली पायरी, ‘पीडीबी-१०१’. हे त्याच पेढीचे शिकणाऱ्यांसाठीचे दालन. येथील ‘मॉलिक्यूल ऑफ द मंथ’ हे सदर डेव्हिड गुडसेल यांनी जानेवारी २००० मध्ये सुरू केले. दर महिन्याला एक रेणू, त्याची सुरेख चित्रे आणि दोन-तीन पानांची माहिती. गुडसेल स्वतः शास्त्रज्ञ आणि जलरंगात पेशींचे अंतरंग रंगवणारे चित्रकारही आहेत. इन्शुलिन, हिमोग्लोबिन, कोलॅजेन हे सगळे येथे भेटतात.

दुसरी पायरी, कात्री आणि डिंक. याच दालनात डीएनए, डेंग्यूचा विषाणू अशांचे कागदी नमुने छापून घेण्यासाठी ठेवले आहेत. सुटीच्या दुपारी मुलांना उद्योगाला लावायला यासारखे साधन नाही.

तिसरी पायरी, व्याख्याने. खान अ‍ॅकॅडमीचे छोटे धडे शाळकरी मुलांना पुरेसे आहेत (हे खान चित्रपटातले नव्हेत!). महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी आपल्या आयआयटी आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने मिळून उभारलेला ‘एनपीटीईएल’ हा उपक्रम आहे. त्यातील व्याख्याने फुकट पाहता येतात. पैसे लागतात ते प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची असेल तरच.

चौथी पायरी, खेळ. ‘फोल्डइट’ हा २००८ साली सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातून निघालेला खेळ. प्रथिनाची साखळी घडी घालून तिला योग्य आकार द्यायचा. माकडांत एड्ससारखा रोग निर्माण करणाऱ्या एका विषाणूच्या प्रथिनाची रचना शास्त्रज्ञांना दहा वर्षांहून अधिक काळ सुटत नव्हती. या खेळातील हौशी मंडळींनी तिचा उपयुक्त नमुना तीन आठवड्यांत तयार केला आणि २०११ साली ते संशोधन प्रसिद्ध झाले.

पाचवी पायरी, ‘अल्फाफोल्ड’. संगणकाने केवळ मण्यांच्या क्रमावरून वर्तवलेल्या वीस कोटींहून अधिक प्रथिनांच्या रचना येथे २०२२ पासून खुल्या आहेत. या कामासाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना, तर नवी प्रथिने संगणकाच्या साहाय्याने घडवण्याबद्दल डेव्हिड बेकर यांना २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

एवढे लक्षात ठेवा

पडद्यावरचे लाल-निळे रंग ओळखीच्या सोयीसाठी दिलेले असतात. खरा अणू लाल किंवा निळा नसतो. अल्फाफोल्डची रचना हा संगणकाचा अंदाज आहे. त्यातील गडद निळा भाग बराच विश्वासाचा आणि पिवळा-नारिंगी भाग कच्चा, असा संकेत आहे. आणि रेणू कितीही ओळखीचा झाला तरी आजाराचे निदान व औषध डॉक्टरांकडूनच घ्यावे.

अडचण आहे ती भाषेची. बहुतेक माहिती इंग्रजीत आहे. मराठी माध्यमातल्या मुलाने आधी मराठी विश्वकोशातील प्रथिनांवरची नोंद वाचावी. विश्वकोशही इंटरनेटवर विनामूल्य आहे. संकल्पना मायबोलीत समजली की इंग्रजी शब्द आपोआप जागेवर बसतात. शिक्षकांनीही वर्षातून दोन तास यासाठी काढले तर एका मोबाइलवर किंवा शाळेच्या एका पडद्यावर सगळा वर्ग हा रेणू पाहू शकेल.

पालकांनी मात्र एक पथ्य पाळावे. मुलासमोर संकेतस्थळ उघडून देऊन उठून जाऊ नये. शेजारी बसावे, एकच रेणू निवडावा आणि त्याला विचारावे, ‘यातला कोणता भाग बिघडला तर काय होईल?’ उत्तर तुम्हाला येत नसले तरी चालेल. दोघांनी मिळून शोधायला सगळे साहित्य आता समोर आहे.