निर्णायक साखळी आणि वाळव्याचा ऊस

प्रकल्पातील ‘निर्णायक साखळी’ (एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामांची सर्वांत लांब रांग) म्हणजे सर्वांत महत्त्वाची कामे, असा सर्रास समज असतो. प्रत्यक्षात ती प्रकल्पाचा किमान कालावधी ठरवते. उदाहरणार्थ, वाळवा तालुक्यात जुलैत लावलेला आडसाली ऊस तयार व्हायला 16 ते 18 महिने लागतात. तोडणीच्या टोळ्या वाढवल्या म्हणून तो लवकर पक्व होत नाही. तसेच साखळीबाहेरच्या कामावर माणसे वाढवून प्रकल्प आधी संपत नाही. मग बाकीची कामे दुर्लक्षिली तर चालतील का? नाही. फडापर्यंतचा रस्ता दुरुस्त करायला भरपूर सवड असते; पण ती संपली की रस्ताच साखळीत येतो. ट्रॉली चिखलात रुतते, तोडलेल्या मोळ्या वाळतात, वजन आणि साखर दोन्ही घटतात. म्हणून साखळी एकदाच न आखता दर आठवड्याला तपासावी.