बसलेलं चाक आणि जुळलेलं चाक

आमच्या सास्तुरात स्पोर्ट्‌स कार कुणाकडे नाही, पण तिच्या चाकांची हौस मात्र येऊन पोचली आहे. जुनी स्विफ्ट घेतलेला पोरगा आधी मूळची पोलादी चाकं काढतो आणि रुंद, चकचकीत अलॉय चाकं शोधायला लागतो. माझ्या टायरच्या दुकानात अशी मुलं नेहमी येतात. 'काका, बसतंय का तेवढं बघा,' म्हणतात. मंडळी, बसणं वेगळं आणि जुळणं वेगळं.

बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना लोहार ती चाकापेक्षा किंचित लहानच करायचा. तापवून चढवली आणि वर पाणी ओतलं की ती आवळून बसायची. तिथंही आधी माप होतं, रूप नंतर.

टायरवर १८५/६५ आर १५ असं लिहिलेलं असतं. १८५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी. टायरची उभी बाजू त्या रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १२० मिलिमीटर. १५ हा रिमचा व्यास, इंचात. उभी बाजू दोनदा आणि रिम एकदा धरली की चाकाची एकूण उंची येते : ६२१ मिलिमीटर. २०१८ च्या स्विफ्टच्या साध्या मॉडेलला १६५/८० आर १४ टायर यायचे, वरच्या मॉडेलला हे १५ इंची. हिशेब करून बघा, दोन्हींच्या उंचीत दोन मिलिमीटरचाही फरक नाही. कंपनीनं रिम वाढवली तेवढं रबर कमी केलं.

१६ इंची रिमच हवी असेल तर १९५/५५ टायर त्याच उंचीचा होतो. २०५/६० घातलात तर चाक ६५२ मिलिमीटरचं होतं. मग काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ८४ नं पळत असते.

त्या मापापुढचा आकडा वजनाचा. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो, ८७ म्हणजे ५४५. कंपनीनं दिलेल्या आकड्यापेक्षा कमी घेऊ नये. १९५/५५ आर १६ मध्ये ८७ चाही मिळतो आणि ९१ चाही. ९१ चा घ्या, तो ६१५ किलो पेलतो.

आता रिम. स्विफ्टला चार नट. समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर १०० मिलिमीटर. जुन्या फियाट पॅलिओच्या रिमचं तेच अंतर ९८. भंगार बाजारातली अशी रिम जोर लावला की स्विफ्टवर चढते, आणि धोका नेमका इथंच आहे. नट तिरके बसतात, हादऱ्यांनी सैल होतात आणि चालत्या गाडीचं चाक निखळू शकतं. मधल्या मोठ्या भोकाचंही तसंच. स्विफ्टचा हब ५४.१ मिलिमीटरचा, बाजारातल्या रिमचं भोक बहुधा त्याहून मोठं. मधली फट भरायला मापाची रिंग लागते. ती नसली तर वेगात स्टिअरिंग थरथरतं आणि गिऱ्हाईक बॅलन्सिंगवाल्याला शिव्या देतं.

रिमवर 'ईटी' असाही एक आकडा असतो. रुंदी तीच ठेवून ईटी ४५ च्या जागी ३५ घेतला तर चाक १० मिलिमीटर बाहेर येतं. दिसायला झोकदार, पण बेअरिंगवर ताण. म्हणून चाक बसवल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा, मग पाच माणसं बसवून गतिरोधकावरून न्या. कुठं घासतंय ते लगेच कळतं.

पोर्शे ९११ च्या एका मॉडेलला पुढं २४५/३५ आर २० टायर असतात. उभी बाजू जेमतेम ८६ मिलिमीटर. ती गाडी त्याच मापाला बेतलेली आहे, आणि धावायची गुळगुळीत रस्त्यावर. आपल्याकडे पावसाळ्यानंतर सोलापूर-हैदराबाद महामार्ग गाठेपर्यंत किती खड्डे लागतात ते तुम्हीच मोजा. पातळ टायर खड्ड्यात आदळला की मार थेट रिमला बसतो. अलॉय रिमला तडा गेला तर ती ठोकून सरळ करून वापरू नये.

मागच्या सुगीत एक गाडी आली. आत चार माणसं, डिकीत सोयाबीनची दोन पोती, बाहेर आलेली मागची चाकं. मडगार्डच्या कडेनं टायरचा खांदा इतका कापला होता की आतले धागे दिसत होते. लेकरं मागच्याच सीटवर होती. मी विचारलं, जुनी चाकं कुठंयत? गोठ्यात होती. त्याच्या भावानं मोटारसायकलवरून दोन खेपा करून चारही आणली आणि तासाभरात ती चढली.