महाड-पोलादपूरएवढा तारा

परवा पोलादपूरला आमच्या बचत गटाची मीटिंग होती. हिशेब आटोपले, चहा झाला, तेवढ्यात एका वहिनींची बारावी सायन्सची लेक म्हणाली, "काकू, एका ताऱ्याचे एक्स-रे पाहून त्याचं माप काढलंय!" वहिनी हसल्या, "हात मोडला की काढतात तोच ना गं एक्स-रे?" मी पडले कलाशाखेची. घरी येऊन वाचलं, तेव्हा कुठे उलगडा झाला.

किरण तेच, पण दवाखान्यात ते यंत्र सोडतं, इथे तारा स्वतःच सोडतो. 'जे ०४३७-४७१५' नावाचा हा पल्सार म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा. १९९३ साली ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीने तो शोधला. तो सेकंदाला सुमारे १७४ गिरक्या घेतो! या जातीतला हा सर्वात जवळचा, तरी अंतर ५१० प्रकाशवर्षं. आज पोहोचणारे त्याचे किरण निघाले, तेव्हा रायगडावरच्या राज्याभिषेकाला अजून दीडशेहून जास्त वर्षं अवकाश होता.

त्याच्या अंगावरचे काही डाग लाखो अंश तापलेले असतात. तिथून एक्स-रे निघतात. तारा फिरतो तसे ते कमी-जास्त होतात. गंमत अशी, की डाग मागे गेला तरी ताऱ्याच्या जबरदस्त ओढीने किरण वळून आपल्याकडे येतात. या चढउतारावरून ताऱ्याचा आकार काढता येतो. पृथ्वीची हवा एक्स-रे अडवते, म्हणून 'नायसर' ही दुर्बीण २०१७ साली अंतराळ स्थानकावर बसवली. २०२४ मध्ये उत्तर जाहीर झालं : व्यास सुमारे २३ किलोमीटर. महाडहून निघून पोलादपूर ओलांडलं, कशेडी घाटाकडे थोडं गेलं, की तारा संपला! वजन मात्र सूर्याच्या जवळजवळ दीडपट.

याच ताऱ्याचे रेडिओ ठोके आपल्या जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या महादुर्बिणीनेही टिपले आहेत.

आणि मैत्रिणींनो, १९६७ साली पहिला पल्सार हेरला तो जोसेलिन बेल या विद्यार्थिनीने. १९७४ चं नोबेल तिच्या मार्गदर्शकांना मिळालं, तिला नाही. २०१८ मध्ये तिला तीस लाख डॉलरचं बक्षीस मिळालं, ते तिने भौतिकशास्त्र शिकू पाहणाऱ्या, संधी न मिळालेल्या मुलामुलींच्या शिष्यवृत्त्यांना देऊन टाकलं.

पुढच्या मीटिंगला हे सगळं सांगितलं. लेकीला पुण्याला बीएस्सीला जायचंय आणि घरात "एवढ्या लांब कशाला?" चाललंय, हे मला ठाऊक होतं. वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग हळूच म्हणाल्या, "ताई, पुण्यात मुलींच्या वसतिगृहाला किती पैसे पडतात हो?"

यंदाच्या कर्जाच्या यादीत पहिलं नाव त्यांचं लिहिलंय.