पाठीवरचे टाचणीएवढे छिद्र

तान्ह्या बाळाला पायांवर पालथे घेऊन अंघोळ घालणारी आजी बाळाचे अंग जितके निरखून पाहते, तितके कोणताही डॉक्टर पाहत नाही. म्हणून हा लेख आम्ही आजींसाठी लिहीत आहोत. घरातल्या कोणीतरी तो त्यांना वाचून दाखवावा.

उद्या तेल चोळताना बाळाच्या पाठीची मधली रेष मानेपासून माकडहाडापर्यंत पाहा. डोक्याची मागची बाजू आणि नाकाचा मधला भागही पाहा. टाचणी टोचल्यासारखे छिद्र, त्यातून डोकावणारा एखादा केस, भोवती लालसर चट्टा किंवा केसांचा झुपका दिसला, तर ‘जन्मखूण आहे’ म्हणून सोडून देऊ नका.

आईच्या पोटात अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत बाळाची त्वचा आणि मज्जारज्जू एकाच थरातून तयार होतात व मग वेगळे होतात. एखाद्या जागी ते पुरते सुटले नाहीत, तर त्वचेपासून आत जाणारी बारीक नळी राहते. आत अडकलेली त्वचा आपले काम थांबवत नाही. ती कोंडा टाकते, तेल सोडते, केस उगवते. हे सगळे बाहेर पडायला वाट नसते, म्हणून वर्षानुवर्षे साचून गाठ होते. तिला डर्मॉइड म्हणतात. नुसताच कोंडा साचला तर एपिडर्मॉइड. ही गाठ पांढरी, चकचकीत असते. क्रूव्हेलिए या फ्रेंच डॉक्टरांनी 1829 मध्ये तिला मोत्याची उपमा दिली होती. गाठ म्हटले की आपल्याकडे लगेच कॅन्सरच डोळ्यांपुढे येतो. पण या गाठी जवळजवळ नेहमीच साध्या असतात. आणि हे आईने ग्रहणात भाजी चिरल्यामुळे होत नाही, हेही एकदा सासरच्यांना ऐकवा.

खरी भीती त्या नळीची. तिच्यातून जंतू थेट मज्जारज्जूपर्यंत पोहोचतात आणि मेंदूज्वर होतो. एखाद्या मुलाला मेंदूज्वर दुसऱ्यांदा झाला, तर त्याची पाठ आणि डोके तपासायला डॉक्टरांना आवर्जून सांगा. मूल लंगडू लागले, एक पाय बारीक दिसू लागला, लघवीवर ताबा आलेला असताना पुन्हा कपडे ओले होऊ लागले, तरीही दाखवा.

छिद्र दाबू नका, त्यात काडी घालू नका, हळद किंवा राख भरू नका. मात्र ढुंगणाच्या फटीच्या आतच, तळ दिसणारी उथळ खळगी असेल तर घाबरू नका. ती पुष्कळ बाळांना असते. फटीच्या वर असलेले छिद्र मात्र दाखवायलाच हवे. एमआरआयमध्ये नळी आणि गाठ कळते. जंतू शिरण्याआधी शस्त्रक्रिया झाली तर ती सोपी जाते.

मोठ्या माणसांत एपिडर्मॉइड बहुधा कानामागच्या बाजूला, मेंदूच्या तळाशी वाढते. एका कानाने कमी ऐकू येते, किंवा गालात विजेसारखी कळ येते. काहीजण दाढ काढून घेतात, तरी कळ थांबत नाही. अशा वेळी मेंदूच्या डॉक्टरांकडे जावे. गाठीचे आवरण नसांना चिकटलेले असेल, तर सर्जन थोडे मागे ठेवतात. तो निष्काळजीपणा नव्हे. पुढे कित्येक वर्षे तपासणी मात्र चुकवू नये.

खर्चाच्या धास्तीने थांबू नका. अंगणवाडीत मुले तपासायला येणाऱ्या सरकारी पथकाला छिद्र दाखवा. तिथून पुढे पाठवण्याची सोय आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत मेंदू व मज्जारज्जूच्या अनेक शस्त्रक्रिया येतात. रेशन कार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. मोठ्या धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे बंधनकारक आहे. ‘खाट नाही’ म्हणाले, तर ते लेखी मागा.