पैसा हॉलिवुडचा, चित्रपट लंडनचा

एखादा इंग्रजी चित्रपट पाहण्यास आपण जातों. पडद्यावर लंडनचे रस्ते, इंग्रज नट आणि खास इंग्रजी विनोद असतो. पण आरंभीं फिरतांना दिसतो तो पृथ्वीचा गोल, म्हणजे युनिव्हर्सल या अमेरिकन चित्रसंस्थेचें बोधचिन्ह. मग श्रोतेहो, हा चित्रपट कोणाचा म्हणावयाचा?

लंडनच्या वर्किंग टायटल या कंपनीच्या उदाहरणानें याचा उलगडा चांगला होतो. टिम बेव्हन व सारा रॅडक्लिफ यांनीं ती १९८३ सालीं स्थापन केली. 'माय ब्यूटिफुल लाँड्रेट' (१९८५) या चित्रपटानें तिचें नांव झालें. त्यास पैसा पुरविला तो ब्रिटनच्या चॅनल फोर या दूरचित्रवाणी संस्थेनें. पण प्रत्येक चित्रपटासाठीं नवा धनको शोधावयाचा म्हटलें कीं निर्मात्याचा वेळ पैशाच्या खटपटींत जातो व कथेची आबाळ होते. शिवाय भांडवल बेताचें असल्यास दोनतीन फसलेले चित्रपटहि कंपनीस बुडवितात. 'गांधी' (१९८२) या चित्रपटाच्या भांडवलांत जिचा वाटा होता, त्या गोल्डक्रेस्ट कंपनीची गत 'रेव्होल्यूशन' (१९८५) सारख्या खर्चिक चित्रपटांनीं अशीच झाली.

वर्किंग टायटलनें निराळा मार्ग धरिला. १९९२ सालीं ती पॉलिग्रॅम या युरोपीय संस्थेच्या मालकीची झाली व एरिक फेल्नर हे बेव्हन यांचे सहकारी झाले. 'फोर वेडिंग्ज अँड अ फ्यूनरल' (१९९४) हा चित्रपट सुमारे ३० लाख पौंडांत तयार झाला आणि जगभर त्याचें उत्पन्न २४ कोटी डॉलरांवर गेलें. मुंबईच्या चित्रसृष्टींत नांव मिळविलेले शेखर कपूर यांनीं दिग्दर्शित केलेला 'एलिझाबेथ' (१९९८) हाहि याच काळांतला. पुढें पॉलिग्रॅमच विकली गेली आणि १९९९ पासून कंपनी युनिव्हर्सलच्या छत्राखालीं आली.

आतां प्रत्यक्ष व्यवहार पाहूं. कथेचे हक्क घेणें, लेखकाकडून खर्ड्यामागून खर्डे लिहवून घेणें, दिग्दर्शक व नट ठरविणें हें काम लंडनची मंडळी करितात. भांडवल अमेरिकेहून येतें. चित्रपट तयार झाला कीं त्याची जाहिरात व वांटणी युनिव्हर्सलच्या देशोदेशींच्या यंत्रणेकडे जाते. या यंत्रणेची बरोबरी कोणतीहि लहान कंपनी स्वबळावर करूं शकत नाहीं. उलट, लंडनमधील कोणत्या नव्या लेखकाच्या लेखणींत दम आहे, हें कॅलिफोर्नियांत बसून कळत नाहीं. दोघांस एकमेकांची गरज आहे ती येथें.

खरी मेख निर्णयाच्या अधिकारांत आहे. ठराविक रकमेच्या आंतील चित्रपट वरिष्ठांस न विचारतां हातीं घेण्याची मुभा या कंपनीनें करारांत मिळविली. ही मर्यादा साडेतीन कोटी डॉलर असल्याचें पुढें प्रसिद्ध झालें. त्याहून मोठ्या बेतास मात्र अमेरिकेचा होकार लागे. त्यामुळें विनोदी वा कौटुंबिक चित्रपट लंडनच्या मर्जीनें होऊं शकले. 'बिली इलियट' (२०००) सारखा अल्प खर्चाचा चित्रपटहि कंपनीच्या एका लहान शाखेनें काढिला. २०१९ सालीं 'कॅट्स' सपशेल आपटला. खर्चहि भरून निघाला नाहीं. अशा घावांनीं गोल्डक्रेस्ट कोसळली होती. वर्किंग टायटल मात्र उभी राहिली, कारण तोटा सोसणारा पाठीशीं होता.

ब्रिटिश सरकारचा दृष्टिकोणहि ध्यानांत घेण्याजोगा आहे. भांडवल परकी असल्यानें चित्रपट परका ठरत नाहीं. कथा, पात्रें, भाषा, कलावंत, चित्रणाचें स्थळ इत्यादींस गुण देतात. ३५ पैकीं १८ गुण मिळाले कीं तो ब्रिटिश ठरतो व त्या देशांत केलेल्या खर्चावर करांत सवलत मिळूं शकते. यामुळें तेथील सुतार, शिंपी, छायालेखक यांस काम मिळतें. परंतु चित्रपटाचे हक्क धन्याकडे जातात आणि यशाचा मोठा लाभ समुद्रापार जातो. वीस वर्षांनीं तोच चित्रपट पुन्हां विकला गेला, तरी त्या उत्पन्नावर पहिला हक्क लंडनचा नसतो.

एवढी किंमत देऊन कंपनीनें निवडीचें स्वातंत्र्य राखिलें. तेंहि मर्यादित, पण जो निर्माता केवळ रक्कम पाहून सही करितो, त्याच्या हातीं तेवढेंहि उरत नाहीं. परकी भांडवल घेणाऱ्या कोणत्याहि देशाच्या निर्मात्यानें, होकार कोणी द्यावयाचा हें कलम आधीं वाचावें; रकमेचा आंकडा मागाहून पाहिला तरी चालेल.