सॉफ्टवेअरमधला सातबारा कोणाच्या हाती?

२०२५ च्या जुलै महिन्यात टीसीएस या देशातील सर्वांत मोठ्या आयटी कंपनीने सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. त्यात मधल्या आणि वरच्या पदांवरील लोकांचा भरणा अधिक असेल, हेही सांगितले. पुण्यात हिंजवडीला, हैदराबादला दहा-बारा वर्षे सॅपवर काम करणाऱ्या आपल्या तरुणांपुढे आज हाच प्रश्न आहे. घरातला तो पहिला पदवीधर. घराचे कर्ज त्याच्या डोक्यावर. खाजगी क्षेत्रात आरक्षण नाही. अशा वेळी विषय बदलावा काय आणि कोणता घ्यावा, हा प्रश्न त्याच्या एकट्याचा राहत नाही. त्याच्या मागे शिकणाऱ्या भावंडांचाही तो प्रश्न असतो.

अशा तरुणांना एक विषय सुचवावासा वाटतो, मास्टर डेटा मॅनेजमेंट. नाव काढताच अनेक जण नाक मुरडतात. ‘ते तर डेटा एन्ट्रीचे, कारकुनाचे काम!’ वास्तविक पाहता हा गैरसमज आहे आणि तो महागात पडणारा आहे.

मास्टर डेटा म्हणजे काय? आपल्या खेड्यातल्या भाषेत सांगायचे तर कंपनीचा सातबारा. रोजची खरेदी, विक्री, बिले हे व्यवहार. पण माल कोणता, पुरवठादार कोण, ग्राहक कोण, खाते कोणते, या मूळ नोंदींवर ते सारे व्यवहार उभे असतात. सातबाऱ्यावरचे नाव चुकले की बँकेच्या कर्जापासून भूसंपादनाच्या मोबदल्यापर्यंत सगळे अडते. कंपनीतही तसेच. एकच बोल्ट एका गोदामात ‘बोल्ट ८ मिमी’, दुसऱ्यात ‘८ एमएम बोल्ट’ आणि तिसऱ्यात ‘एम-८ बोल्ट’ म्हणून नोंदला गेला, तर संगणकाच्या लेखी त्या तीन वस्तू होतात. एका गोदामात माल पडून राहतो आणि दुसरीकडे तोच नव्याने विकत घेतला जातो. एकच पुरवठादार दोन क्रमांकांनी नोंदला गेला तर त्याहून वाईट. एकच बिल दोनदा दिले जाऊ नये म्हणून सॅपमध्ये जी तपासणी आहे, ती पुरवठादाराच्या क्रमांकावरून होते. क्रमांकच दोन असतील तर ते बिल बिनबोभाट दोनदा निघू शकते.

या दुहेरी नोंदी शोधायच्या, कोणत्या एक करायच्या याचे नियम ठरवायचे, दोन खात्यांची माहिती जुळत नसेल तर कोणाची खरी मानायची हे ठरवायचे आणि त्यातून एक प्रमाण नोंद तयार करायची, हे या शाखेचे काम. सॅपच्या मास्टर डेटा गव्हर्नन्स या प्रणालीत नवी नोंद किंवा बदल आधी अर्जाच्या रूपात बाजूला राहतो आणि मंजुरीनंतरच लागू होतो. म्हणजे फेरफारच! तलाठ्याने नोंद घालायची, मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित करायची. नोंद टंकणारा आणि नोंदीचा नियम करणारा यांच्यात जे अंतर आहे, ते अंतर ओळखा.

हा विषय आजच का? सॅपच्या जुन्या ईसीसी प्रणालीच्या शेवटच्या आवृत्त्यांची नियमित देखभाल २०२७ च्या अखेरीस संपते आहे. जादा पैसे मोजले तर २०३० पर्यंत मिळेल. त्यामुळे कंपन्या एस-फोर हानाकडे जात आहेत. तेथे ग्राहक आणि पुरवठादार या वेगळ्या नोंदी न राहता दोघेही ‘बिझनेस पार्टनर’ या एकाच नोंदीखाली येतात. वर्षानुवर्षे साठलेला घोळ निस्तरल्याशिवाय हे स्थलांतर नीट होत नाही.

दुसरे कारण कायद्याचे आहे आणि वकील म्हणून मला ते अधिक महत्त्वाचे वाटते. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात ४३-ब चे नवे उपकलम आले आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले. सूक्ष्म वा लघु उद्योगाचे पैसे मुदतीत, म्हणजे लेखी करार असेल तरी फार तर ४५ दिवसांत, दिले नाहीत, तर प्रत्यक्ष देईपर्यंत त्या खर्चाची वजावट नाही. पण पुरवठादार सूक्ष्म की मध्यम, उत्पादक की नुसता व्यापारी, हे पुरवठादाराच्या नोंदीतच नसेल तर संगणक मुदत मोजणार कशी?

आता आपल्या जिव्हाळ्याची बाब. २०१२ च्या सार्वजनिक खरेदी धोरण आदेशानुसार केंद्राची खाती आणि सार्वजनिक उपक्रम यांनी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून ठराविक खरेदी करावयाची आहे. २०१८ मध्ये हे प्रमाण २० वरून २५ टक्के झाले आणि त्यातील ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून घ्यावयाचे आहेत. इंडियन ऑइल, ओएनजीसी यांसारखे उपक्रम सॅप वापरतात. अशा ठिकाणी पुरवठादाराच्या नोंदीत मालकाच्या प्रवर्गाचा रकाना आहे काय, तो भरणे सक्तीचे आहे काय, प्रमाणपत्र कोण तपासतो, यावर त्या ४ टक्क्यांचा हिशेब उभा आहे. रकाना रिकामा असेल तर झालेली खरेदीही मोजली जाणार नाही. सांगा, हे काम कारकुनाचे आहे काय?

बदल कसा करावा? पहिली गोष्ट, आपला जुना अनुभव फेकून देऊ नका. तेच तुमचे भांडवल आहे. मटेरियल मॅनेजमेंटवाल्याने मालाच्या नोंदी, फायनान्सवाल्याने खात्यांच्या, सेल्सवाल्याने ग्राहकांच्या नोंदी धराव्यात. अबॅप लिहिणाऱ्याला मंजुरीची साखळी आणि तपासणीचे नियम बांधण्यात वाव आहे. सोबत एसक्यूएल पक्के करावे. आपल्याच कंपनीत स्थलांतराचा प्रकल्प असेल तर डेटा सफाईची जबाबदारी मागून घ्यावी. इतर जण ती टाळतात, म्हणून ती मिळते.

दुसरी गोष्ट, अवजाराला चिकटू नका, विद्या धरा. सॅपने २००४ साली ए-टू-आय ही कंपनी घेऊन तिच्या आधारे आपले एमडीएम उत्पादन उभे केले. पुढे गव्हर्नन्स आले आणि जुने मागे पडले. इन्फर्मॅटिका हे या क्षेत्रातले मोठे नाव, तीही २०२५ मध्ये सेल्सफोर्सने घेतली. मालक बदलतात. दुहेरी नोंद ओळखण्याची अक्कल मात्र सगळीकडे चालते.

तिसरी गोष्ट सावधगिरीची. ‘मास्टर डेटा’ या नावाखाली दिवसभर नुसत्या नोंदी भरण्याच्या नोकऱ्याही आहेत. मुलाखतीत सरळ विचारा, नियम मी ठरवणार की फक्त रकाने भरणार? उत्तर नेमणूकपत्रातल्या कामाच्या वर्णनात लेखी घ्या. आणखी एक, फायनान्सच्या मानाने या विषयातल्या जागा कमी असतात आणि खात्याखात्यांतली भांडणे मिटवण्यात अर्धा जीव जातो. काम चोख झाले तर कोणाच्या लक्षातही येत नाही. तेव्हा नवे काम हातात आल्याशिवाय जुनी नोकरी सोडू नका.

नोंद कोणी ठेवायची आणि कोणाचे नाव कसे लिहायचे, हे ठरवण्याचा अधिकार गावगाड्यात आपल्या हाती कधीच नव्हता. आज कंपनीच्या दप्तरात तो अधिकार कौशल्याने मिळू शकतो. त्याला कारकुनी समजून दुसऱ्याच्या हाती देऊ नका, एवढेच सांगणे.