राख स्वस्त आहे, मग विटांच्या धंद्यात पैसा अडकतो कुठे?

फ्लाय ॲश विटांच्या व्हिडिओत मशीन दाखवलं, पण एक हिशोब राहून गेला. मशीनची किंमत सगळे विचारतात, हा हिशोब कोणी विचारत नाही.

आपल्या देशातल्या कोळशात राख भरपूर. शंभर किलो जाळला की साधारण तीस-चाळीस किलो राख उरते. चंद्रपूर, कोराडी, परळी, भुसावळ इथल्या वीज केंद्रांत रोज किती साचत असेल, विचार करा. चिमणीकडे जाणाऱ्या धुरातून पकडलेली पिठासारखी राख म्हणजे फ्लाय ॲश. पाण्याबरोबर तलावात सोडतात ती पॉन्ड ॲश, जाडसर आणि ओली. ट्रकचं भाडं वजनावर, म्हणजे ओली राख आणली तर पाण्याचंही भाडं तुम्हीच भरता! म्हणून शेड केंद्रापासून किती लांब आहे, ते जागा घेण्याआधी बघा.

नुसती राख घट्ट होत नाही, तिला चुना लागतो. विटेत आपण सिमेंट घालतो. सिमेंटला पाणी मिळालं की त्यातून चुना सुटतो आणि राख त्याच्याशी हळूहळू जुळते. भट्टीची वीट आगीत पक्की होते, ही पाण्यावर. म्हणून १४ ते २१ दिवस रोज पाणी मारायचं.

आता हिशोब. समजा, रोज ८,००० विटा काढल्या आणि एका विटेला ५ रुपये खर्च आला. २१ दिवसांत १,६८,००० विटा, म्हणजे ८,४०,००० रुपये आवारात थप्पी लावून उभे. त्यात कॉन्ट्रॅक्टरला महिन्याची उधारी हवी. कामाचे २५ दिवस धरले तरी आणखी १० लाख. मशीनला लोन मिळेल हो, पण हे १८ लाख ४० हजार कुठून आणणार?

मग हात आखडला की आठव्या दिवशीच गाडी भरली जाते. कच्ची वीट भिंतीत गेल्यावर आकसते, प्लास्टरला तडे जातात आणि गवंडी सांगतो, "राखेची वीटच बेकार." हार्डवेअरच्या काउंटरवर हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय! घाई करतो एक जण, नाव जातं सगळ्यांचं.

मागणीची चिंता त्यामानाने कमी. ३१ डिसेंबर २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार कोळशावरच्या वीज केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आत बांधकामांना राखेच्या विटा-टाइल्स वापरणं बंधनकारक आहे, फक्त त्या इतर मालापेक्षा महाग नकोत. म्हणजे दर वाढवून सुटका नाही.

त्यामुळे सुरुवातीला मशीन रोज अर्धाच वेळ चालवा. प्रत्येक थप्पीवर खडूने तारीख टाका आणि तारीख पूर्ण झाल्याशिवाय थप्पीला हात लावू देऊ नका, गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असो. पहिल्या लॉटच्या विटा आयएस १६७२० प्रमाणे लॅबमध्ये तपासून घ्या आणि तो रिपोर्ट कोटेशनला जोडा.